डोंगराला वळसा

आमच्या शिरोळ तालुक्यात डोंगर नाही. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्या वाट्याला आल्यावर वर आणखी डोंगरही मागायचा म्हणजे जरा जास्तच झालं असतं. डोंगर बघायचा तर आम्हाला बाहुबलीला नाहीतर जोतिबाला जावं लागतं. त्यामुळे चढण्याची सवय आमच्या पायांना नाही. सवय आहे ती गोल फिरण्याची. इकडचं मूल नीट चालायला लागलं की कधीतरी आजीचं बोट धरून नृसिंहवाडीला जातं आणि औदुंबराखाली, दत्ताच्या पादुकांभोवती प्रदक्षिणा घालायला शिकतं. कुठे पोचायचं नसतं, कुणाच्या पुढे जायचं नसतं. जिथून निघालो तिथेच परत यायचं असतं. लहानपणी हे चालणं फार कंटाळवाणं वाटायचं. पन्नाशी ओलांडल्यावर त्यातलं काहीतरी कळू लागतं.

आपल्याकडे डोंगराशी असलेलं नातं मात्र बहुतेक वेळा चढाईचं असतं. किल्ला ‘करायचा’, शिखर ‘सर करायचं’, कळसूबाईला एकदा तरी ‘टच’ करून यायचं. पन्हाळ्याहून पावनखिंडीमार्गे विशाळगडाकडे दर पावसाळ्यात हजारो मुलं जातात. जुलै १६६० मधली ती रात्र आठवत, चिखल तुडवत जातात, आणि त्यांचं मला कौतुकच आहे. पण घरी आल्यावर त्यांना पहिला प्रश्न एकच विचारला जातो, ‘पोचलात का?’ वाटेत काय पाहिलंत, कुणाच्या ओसरीवर झोपलात, हे विचारायला कुणाला सवड नसते.

डोंगर न चढता त्याच्याभोवती चालत राहणं ही तशी जगभरची जुनी रीत आहे. कैलासाला हिंदू, बौद्ध, जैन प्रदक्षिणा घालतात, आणि तिबेटातले बोन पंथाचे लोक उलट्या दिशेने घालतात. वर मात्र कुणी जात नाही. तमिळनाडूत अरुणाचलाभोवती दर पौर्णिमेला गिरिवलम होतं. आपल्या त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी निघते. युरोपात माँ ब्लाँ या हिमशिखराभोवती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची वाट आहे, आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन लोक दहा-अकरा दिवस ती चालतात. त्यांना पुण्य हवं असतं की नाही, कोण जाणे. पाय मात्र आपल्यासारखेच दुखत असणार.

या सगळ्यांत आम्हा वाडीच्या पंचक्रोशीतल्या लोकांना जवळची वाटते ती गिरनारची लीली परिक्रमा. नृसिंह सरस्वतींनी बारा वर्षं वास्तव्य केलेलं वाडी हे जसं दत्ताचं ठाणं, तसंच गिरनार. शिवाय आमच्या तालुक्यात जैन वस्ती मोठी, आणि बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचं निर्वाण गिरनारवरच झालं अशी त्यांची श्रद्धा. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन घरांतून दोन वेगळ्या देवांच्या नावाने एकाच डोंगराकडे लोक निघतात. २०२२ साली मी गेलो तो असाच, शेजारच्या अण्णांबरोबर. ते नेमिनाथांचे आणि मी दत्ताचा. मिरजेहून रेल्वेने गुजरात गाठून जुनागढला उतरलो आणि भवनाथ तळेटीला मुक्काम केला. कोरोनामुळे दोन वर्षं अडलेले पाय त्या वर्षी मोकळे झाले होते, त्यामुळे गर्दीला पारावार नव्हता.

लीली म्हणजे हिरवी. पावसाळा सरून फार दिवस झालेले नसतात आणि जंगल हिरवंगार असतं, म्हणून हे नाव. कार्तिक शुद्ध एकादशीच्या मध्यरात्री भवनाथहून निघायचं आणि पौर्णिमेपर्यंत परत यायचं. आपल्या वारकऱ्यांची पंढरीची कार्तिकी तीच, त्यामुळे घरातूनच प्रश्न येतो, ‘विठोबा सोडून तिकडं कुठं?’ अंतर ३६ किलोमीटरच आहे. पहिला टप्पा जीणाबाबाच्या मढीपर्यंत बारा किलोमीटरचा, पुढे माळवेला आठ, मग बोरदेवी आठ, आणि शेवटचे आठ भवनाथपर्यंत. आकडे वाचून कुणी म्हणेल, यात काय विशेष, एका दिवसाचं काम. एका दिवसात उरकणारेही असतात. आम्ही चार दिवस घेतले आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

वाटेत तीन चढणी लागतात. त्यांना तिकडे ‘घोडी’ म्हणतात. इटव्याची घोडी, माळवेल्याची घोडी, नाळपाणीची घोडी. पहिल्या रात्री एका काठियावाडी म्हाताऱ्याने ‘पुढे घोडी आहे’ असं सांगितल्यावर आमच्या अण्णांचा चेहरा उजळला. भाडं किती, असं ते हळूच विचारणार होते. घोडी म्हणजे आपल्यालाच चढायचा दगडगोट्यांचा खडा चढ, हे कळल्यावर त्यांनी सॅकचे पट्टे आवळले आणि म्हणाले, “थांबून काय करायचं, चला की.” पुढचे चार दिवस दर चढाच्या पायथ्याशी आम्ही एकमेकांना घोडीचा भाव विचारत होतो.

या सॅकबद्दल सांगितलं पाहिजे. अण्णा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत, पाणी उकळून गाळून पितात. त्यामुळे चार दिवसांचं आपलं खाणं ते पाठीवर घेऊन निघाले होते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, जयसिंगपूरचं लसूण न घातलेलं भडंग, स्टीलचा डबा, पितळेचं एक पातेलं आणि पाण्याच्या दोन स्टीलच्या बाटल्या. निघताना मला हे ओझं हास्यास्पद वाटलं होतं, कारण परिक्रमेच्या वाटेवर खाण्याची ददात नसते हे मला माहीत होतं. सौराष्ट्रातल्या गावोगावचे लोक जंगलात अन्नक्षेत्रं उघडतात. गाठिया, जिलबी, रोटला, खिचडी-कढी, वाफाळता चहा, सगळं फुकट, आणि वर हाताला धरून, ‘जमी लो बापा, जमी लो’ असा आग्रह. हा आग्रह खोटा नसतो. ज्यांची स्वतःची जमीन दोन-तीन एकर असेल असे शेतकरी सुट्टी काढून तिथे पिठाचे गोळे मळत बसलेले मी पाहिले. आमच्याकडे पुराच्या दिवसांत छावण्यांतून असंच होतं, त्यामुळे त्या वाफेचा वास मला ओळखीचा वाटला.

पण दुसऱ्या दिवशी माळवेल्याच्या अलीकडे एका ओढ्यात वाकून पाहिलं तेव्हा पाणी दिसेना. कागदी द्रोण, प्लास्टिकचे पेले, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या यांचा थरच्या थर साचला होता. वन खात्याने प्लास्टिकला बंदी केलेली आहे, फाटकापाशी पिशव्या तपासल्याही जातात. तरी लाखोंची गर्दी म्हटल्यावर किती झडती घेणार? त्या संध्याकाळी अण्णांनी दशमी संपवून डबा धुतला, पुसला आणि सॅकमध्ये ठेवला. चार दिवसांत या माणसाने जंगलात राजगिऱ्याच्या कणापलीकडे काही टाकलं नाही. सगळ्यांत जड ओझं त्यांचं होतं आणि मागे सगळ्यांत कमी त्यांनीच सोडलं. हा हिशेब तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्का बसला आहे. आपलं ओझं दुसऱ्याने वाहावं अशी सोय झाली की आपण हलके होतो खरे, पण तो भार कुठेतरी पडतोच.

मी अन्नक्षेत्रांच्या विरुद्ध नाही. शिरोळचा माणूस अन्नदानाच्या विरुद्ध असूच शकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली तेव्हा कुणाच्या तरी भाकरीवरच आम्ही उभे राहिलो. पण पूर ही आपत्ती असते आणि परिक्रमा हा आपण निवडलेला प्रवास आहे. निवडलेल्या प्रवासात आपलं ताट आणि आपला पेला आपण पाठीवर घ्यावा. अन्नक्षेत्रातली खिचडी त्या ताटात घ्यावी आणि ताट धुऊन पुढे न्यावं. एवढं केलं तरी त्या ओढ्यातला अर्धा थर नाहीसा होईल.

आता डोंगराविषयी. गंमत अशी की परिक्रमेत डोंगर फारसा दिसतच नाही. तो सतत उजव्या हाताला असतो, पण साग, पळस, बांबूच्या जाळीत तुम्ही इतके आत असता की शिखराचा पत्ता नसतो. मधेच एखाद्या घोडीच्या माथ्यावर झाडी विरळ होते आणि एकदम तो समोर उभा राहतो, पण ओळखू येत नाही. भवनाथहून पाहिलेला, मंदिरांच्या रांगांचा, पायऱ्यांच्या पांढऱ्या रेघेचा गिरनार हा नव्हेच. पाठीमागून तो नुसता काळा कातळ आहे. ना देऊळ, ना ध्वज, ना पायरी. ज्या माणसाला आपण वर्षानुवर्षं समोरून पाहत आलो त्याला एकदा पाठमोरा पाहावा, तसं काहीसं झालं. अण्णा बराच वेळ उभे राहिले. ‘नेमिनाथांनी हाच बघितला असणार,’ असं म्हणाले. मी म्हटलं, ‘आणि दत्तानंही.’ त्यावर ते हसले.

हे हसणं सहज नाही, म्हणून त्याबद्दल थोडं. गिरनारच्या पाचव्या टोकावर पावलांच्या खुणा आहेत. दत्तभक्तांच्या दृष्टीने त्या गुरु दत्तात्रेयांच्या पादुका आणि जैनांच्या दृष्टीने नेमिनाथांचे चरण. या एवढ्याशा जागेवरून कितीतरी वर्षं वाद चालू आहे, न्यायालयापर्यंत गेला आहे, आणि वर पोलिसांच्या उपस्थितीत माथा टेकावा लागतो अशीही वेळ येते. त्या वादात मी पडणार नाही. कोर्टाचं काम कोर्ट करील. पण एक गोष्ट मला दिसली ती सांगितलीच पाहिजे. टोकावर जागा कमी असते. तिथे एक उभा राहिला की दुसऱ्याला अडचण होते. पायथ्याशी मात्र ३६ किलोमीटरचा परीघ आहे. त्यावर अण्णा आणि मी चार दिवस बरोबरीने चाललो, डोंगर दोघांच्याही उजव्या हाताला होता आणि कुणाचा कुणाला धक्का लागला नाही. आमच्या तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आणि जुनी जैन बस्ती एकाच गावात शेकडो वर्षं नांदतात. त्या गावच्या लोकांना गिरनारच्या भांडणाविषयी विचारावं, ते बहुधा चहा सांगतील.

परत आल्यावर वाडीला आणि गल्लीत प्रश्न आला तो अपेक्षितच होता, ‘दर्शन झालं का?’ नाही झालं. आम्ही वर गेलो नाही. सुमारे दहा हजार पायऱ्या चढण्याइतके गुडघे शिल्लक नव्हते. ऑक्टोबर २०२० पासून अंबाजीच्या देवळापर्यंत रोपवे झाला आहे, पण त्याच्या रांगेत उभं राहण्याचीही इच्छा उरली नव्हती. लोकांना हे पटत नाही. ‘एवढं लांब जाऊन पादुका बघितल्या नाहीत?’ आमच्या घरातल्यांनी तर ‘मग गेला होता कशाला?’ असं सरळच विचारलं. मला वाटतं, चार दिवस ज्याच्याभोवती फिरलो त्याचं दर्शन झालं नाही असं म्हणणं त्या डोंगरावर अन्याय आहे. पण हे घरी बोलण्याचं धाडस झालं नाही.

जुनागढहून तळेटीकडे जाताना रस्त्याकडेला एक मोठी शिळा आहे, छपराखाली झाकलेली. बहुतेक यात्रेकरू तिच्याकडे न बघता पुढे जातात. त्या एका दगडावर तीन राजांचे लेख आहेत: इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले अशोकाचे, इसवी सन १५० च्या सुमाराचा रुद्रदामनाचा आणि पाचव्या शतकातला स्कंदगुप्ताच्या काळचा. रुद्रदामनाचा लेख पूरग्रस्त माणसाने जरूर वाचावा. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात या डोंगराच्या पायथ्याशी सुदर्शन नावाचा तलाव बांधला होता. मार्गशीर्षात वादळी पाऊस झाला, डोंगरावरच्या नद्यांना पूर आला आणि बांधाला ४२० हात लांब, तेवढंच रुंद आणि ७५ हात खोल भगदाड पडलं. मंत्र्यांनी हात टेकले, लोक हवालदिल झाले. तेव्हा राजाने प्रजेवर कर किंवा वेठ न लादता स्वतःच्या खजिन्यातून तो बांध पूर्वीपेक्षा भक्कम बांधून घेतला, असं तो लेख सांगतो. २००५, २०१९, २०२१ अशा तीन पुरांतले पंचनामे पाहिलेल्या माणसाने हे वाचून काय वाटून घ्यावं, ते वाचकांवर सोडतो. पुढे स्कंदगुप्ताच्या काळात तो बांध पुन्हा फुटला आणि पुन्हा बांधला गेला, हेही त्याच दगडावर आहे. आणि शेजारीच अशोकाने रस्त्याकडेला माणसांसाठी आणि जनावरांसाठी विहिरी खणल्याचं आणि झाडं लावल्याचं लिहून ठेवलं आहे. ‘आणि जनावरांसाठी’ हे शब्द मला त्या वाटेवर पुनःपुन्हा आठवले.

कारण ही वाट माणसांची नाहीच. गिरनारचं जंगल २००८ पासून अभयारण्य आहे. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले, त्यांतले काही इथे राहतात. बिबटेही आहेत. एरवी परिक्रमेच्या वाटेने कुणाला मोकळेपणाने जाता येत नाही. कार्तिकातल्या या चार-पाच दिवसांसाठी जंगल आपल्याला वाट देतं, आणि तेवढ्यात आपण लाखोंनी आत शिरतो. गर्दी तुंबली की एकादशीची वाट न पाहता फाटक आधीच उघडावं लागतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये परिक्रमेतच बोरदेवीच्या परिसरात बिबट्याने अकरा वर्षांच्या एका मुलीला मारलं. आई-वडिलांबरोबर चालत आलेलं लेकरू ते. ती बातमी वाचून मी दिवसभर अस्वस्थ होतो. आम्ही त्याच भागात रात्री उघड्यावर झोपलो होतो, आणि आमच्या आसपास शंभर-दोनशे लहान मुलं गोधड्यांत झोपली होती. बिबट्याला पकडा अशी मागणी अशा वेळी होते, आणि ती ओघानेच होते. पण त्याच्या घरात रात्रभर दिवे, ढोल आणि लाखो पावलं घेऊन आपणच गेलो होतो, हेही त्याच दमात म्हटलं पाहिजे.

मग संख्येला मर्यादा घालावी का? जाणकार तसं म्हणतात आणि त्यांचं चूक नाही. पण मर्यादा म्हणजे नोंदणी, नोंदणी म्हणजे मोबाइल, आणि मोबाइल म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत शहरातल्यांनी जागा भरून टाकणं. मी वाटेत ज्या बाया पाहिल्या, डोक्यावर गाठोडं, काखेत पोर, पायांत साधी चप्पल, वर्षातून घराबाहेर पडण्याचे हेच चार दिवस, त्यांचं नाव त्या यादीत येणार नाही. डोंगर त्यांचा आहे. शेकडो वर्षं त्या गावांनी ही परिक्रमा राखली. तेव्हा मागे सरायचं असेल तर आधी आम्ही सरायला हवं, लांबून येणाऱ्यांनी. आम्हाला दुसरी सहल परवडते, दुसरा डोंगर मिळतो. आयुष्यात एकदा परिक्रमा करावी, मनापासून करावी, सावकाश करावी आणि पुढच्या वर्षी आपली जागा रिकामी ठेवावी. अण्णांना पुन्हा जायचं आहे. ते आपला डबा घेऊन जाणार असल्यामुळे त्यांना मी अडवत नाही.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण घडलं आहे. आमच्या भागातल्या तरुण मुलांच्या एका मंडळाने यंदा गिरनारला जायचं ठरवलं आहे. पन्नास जणांची बस, मागे सामानाचा टेम्पो, आचारी, टी-शर्ट, आणि भजनासाठी मोठा स्पीकर. एकदा जाऊन आलेला म्हणून त्यांनी मला सल्ला विचारला. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर असताना पन्नास पोरं एकदम गावाबाहेर, यावर घराघरांत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मी त्यांना म्हटलं, पन्नास नको, पंधरा जा. उरलेल्यांनी यंदा ब्रह्मगिरीची फेरी करावी, पुढच्या खेपेला अदलाबदल करा. टेम्पो ठेवू नका, प्रत्येकाने आपली सॅक आपण उचला. आचारी नको, डबे न्या. एकेका दिवसाला एकच टप्पा चाला आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. लहान मूल बरोबर असेल तर त्याला रात्री मधे झोपवा, कडेला नको. आणि शेवटच्या दिवशी कचऱ्याच्या पिशव्या भवनाथला आणूनच बसमध्ये चढा.

पोरं समजूतदार आहेत. द्रोण-पत्रावळी रद्द झाल्या, प्रत्येकाने स्टीलचं ताट न्यायचं ठरलं. टेम्पोही गेला. संख्या पन्नासवरून बत्तिसावर आली आहे, आणखी खाली येईल अशी आशा आहे. टी-शर्ट छापून झाले आहेत, त्याला इलाज नाही. स्पीकरचं मात्र अजून ठरायचं आहे. गेल्या बैठकीत त्यावरून बरीच वादावादी झाली, आणि पुढची बैठक गुरुवारी वाडीला, पालखीनंतर आहे.